घर, दलाल आणि आपला माणूस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षणावर, विवाहसंस्थेवर आणि आपल्या ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर व्याख्याने झाली. त्या मानाने माझा विषय अगदीच व्यवहारातला आहे. चिटणिसांनी विषय विचारला आणि मी ‘जागा घेताना दलाल असावा की नसावा’ असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. त्यांच्या मौनाचे कारण मी जाणतो. आपल्या ज्ञातीतील निदान दहा-बारा गृहस्थ आज हा व्यवसाय करतात. त्यांतील काही समोर बसले आहेत, काहींनी आजच्या भोजनखर्चास हातभार लावला आहे, आणि स्मरणिकेच्या जाहिरातींच्या पानांत तर त्यांचा वाटा मोठाच आहे. त्यांना प्रारंभीच सांगतो की, त्यांच्यावर दोषारोप करण्यासाठी मी उभा नाही. परंतु ज्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचे पगार एकाच व्यवहारात घालावयाचे ठरविले आहे, त्या कुटुंबाच्या बाजूने मला बोलावयाचे आहे. आणि ते बोलताना कोणास उणे-अधिक वाटल्यास त्यांनी मला क्षमा करावी.

दलाल ही व्यक्ती आपणास नवी नाही. धान्याच्या पेठेत आडत्या होता, गुरांच्या बाजारात हेडी होता. हा हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून किंमत ठरवीत. भोवती उभ्या असलेल्यांस काय ठरले ते कळत नसे. पुढे आपले पूर्वज मुंबईस आले आणि गिरगाव, लालबाग, दादर येथील चाळींत बिऱ्हाडे करून राहिले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, जागा रिकाम्या होईनाशा झाल्या आणि पागडीचा व्यवहार फोफावला. पागडी घेणे हा त्या कायद्याने गुन्हा होता. म्हणून सारे तोंडी, पावतीविना चाले. आणि जेथे पावती नाही तेथे मध्ये एखादा विश्वासाचा मनुष्य लागतोच. पागडीस कायद्याची मान्यता मिळण्यास १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा यावा लागला. माझी अशी समजूत आहे की, दलालाविषयीची आपली कल्पना त्या चाळींतच घडली. ‘कागद काय पाहता, मनुष्य पाहा’ असे तेव्हा म्हणत, आणि ते तेव्हापुरते खरेही होते. कारण पागडीच्या खोलीची मालकी कोणी विकत घेतच नव्हते. आपण आज डोंबिवलीस, बदलापुरास, वसई-विरारला किंवा पुण्यास जी जागा घेतो तिची मालकी घेतो, आणि मालकी ही मनुष्याचा चेहरा पाहून कळत नाही.

हे मी शहाणपणाने बोलतो असे समजू नका. ते फार महाग पडून शिकलो आहे. १९९६ साली माझ्या तीर्थरूपांनी निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून उपनगरात दोन खोल्यांची जागा घ्यावयाचे ठरविले. दलाल आपल्याच ज्ञातीतले होते. त्यांचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही, ते आज हयातही नाहीत. मोठे मनमिळाऊ, कार्याला-कारणाला सर्वांआधी हजर राहणारे गृहस्थ. त्यांनी जागा दाखविली, ती आम्हांस पसंत पडली. विकणारा मनुष्य सभ्य होता. सोसायटीचे भागपत्र त्याच्या नावावर होते, ते त्याने आमच्या हातात दिले. तीर्थरूपांनी ‘एकदा वकिलाला दाखवावे काय?’ असे सहज विचारले, त्यावर दलालांनी जे उत्तर दिले ते आजही माझ्या कानांत आहे. ‘अहो, मी आहे ना! आपण काय परके आहोत?’ असे ते म्हणाले. या वाक्यानंतर वकिलाकडे जाणे म्हणजे त्यांचा अपमान करणे झाले असते. तीर्थरूपांनी पन्नास हजार रुपये विसार म्हणून दिले आणि दलालीचा अर्धा हिस्साही त्याच दिवशी चुकता केला.

तीन आठवड्यांनी विकणाऱ्याच्या दोन बहिणींचे पत्र आले. जागा मूळची त्यांच्या वडिलांची. वडिलांनी सोसायटीच्या दप्तरी मुलाचे नाव नामनिर्देशित केले होते, म्हणून त्यांच्या पश्चात भागपत्र मुलाच्या नावे झाले. परंतु नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. सोसायटीने कोणाशी पत्रव्यवहार करावा, एवढेच त्याने ठरते. मालकी वारसांची राहते. सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने तर अशा व्यक्तीस वारसांची नोंद होईपर्यंत तात्पुरता सभासद असेच म्हटले आहे. आणि मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनचे आहे. मुलींचा हक्क २००५ साली आला असे आपल्यातील पुष्कळजण समजतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दलची आहे. त्या दोघी बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिलेले नव्हते आणि द्यावयाची त्यांची इच्छाही नव्हती. व्यवहार मोडला. विसाराचे पैसे चार वर्षांत हप्त्याहप्त्याने परत आले, दलाली आली नाही. तोवर जागांचे भाव वाढले होते आणि तीर्थरूपांना अखेरपर्यंत भाड्याच्या जागेतच राहावे लागले.

दलालांनी आम्हांस फसविले काय? याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते त्यांनी फसविले नाही. त्यांना बहिणी आहेत हे ठाऊक होते, पण बहिणींच्या सह्या लागतात हे ठाऊक नव्हते, आणि ते शोधून काढण्याची त्यांना निकडही नव्हती. येथेच माझ्या सांगण्याचे मर्म आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम २१९ मध्ये, अभिकर्त्याचा मोबदला, निराळा करार नसल्यास, काम पूर्ण झाल्यावाचून देय होत नाही, असे सांगितले आहे. दलालाचे काम व्यवहार जुळविणे. व्यवहार जुळला तर त्याच्या घरी चूल पेटते, मोडला तर सहा महिन्यांची पायपीट फुकट जाते. अशा मनुष्यास, तो कितीही सज्जन असो, ‘हा व्यवहार करावा की करू नये?’ असे विचारणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. जागा कोठे आहे, किती भावाला सुटेल, हे त्याला विचारावे. हक्क निर्वेध आहे की नाही हे अशा मनुष्यास विचारावे की ज्याचे शुल्क व्यवहार झाला तरी तेवढेच आणि मोडला तरी तेवढेच आहे; म्हणजे आपण स्वतः नेमलेल्या आणि आपणच पैसे दिलेल्या वकिलास. ‘आमच्याच ओळखीचा वकील आहे, त्याच्याकडून करून देतो’ असे दलाल म्हणाला तर हात जोडून नको म्हणावे.

मग दलाल नकोच काय? मी तसे म्हणत नाही. जुनी जागा घेणाऱ्यास चांगल्या दलालाइतकी माहिती कोणताही कागद देत नाही. इमारतीस पाणी किती वेळ येते, कोणत्या मजल्यावर गळते, सोसायटीत कोणाचे कोणाशी वाकडे आहे, मालकाला खरोखर विकावयाचे आहे की तो केवळ भाव काढून पाहत आहे, शेजारची जागा मागील दिवाळीत सांगितल्या भावाला गेली की दोन लाख खाली, हे त्याला तोंडपाठ असते. मुंबईत आणि आसपास जुन्या जागेच्या व्यवहारात प्रत्येक बाजूकडून साधारणतः एक ते दोन टक्के दलाली घेण्याची रूढी आहे. ऐंशी लाखांच्या जागेस दोन टक्के म्हणजे एक लाख साठ हजार झाले. रक्कम लहान नाही; परंतु जो दलाल खरोखर घासाघीस करून तीन लाख कमी करवून देतो, त्याला ती देताना कुरकुर करू नये. टक्केवारी मात्र पहिली जागा पाहण्यापूर्वी लिहून घ्यावी, आणि तो दोन्ही बाजूंकडून घेणार आहे काय हे सरळ विचारावे. जागा पसंत पडल्यावर मनुष्य हळवा होतो, तेव्हा टक्क्याची बोलणी नीट होत नाहीत.

दलालांच्या वतीनेही एक तक्रार मला येथे मांडली पाहिजे. पंधरा-वीस जागा दाखवून घ्यावयाच्या, उन्हातान्हात त्याला आपल्याबरोबर हिंडवावयाचे, आणि मग त्याच्या पाठीमागे मालकाचा दूरध्वनी मिळवून परस्पर व्यवहार उरकावयाचा, हा उद्योग आपल्या ज्ञातीतील प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या मंडळींनीही केलेला मला माहीत आहे. ज्याला दलाली द्यावयाची नाही त्याने प्रारंभापासून स्वतः हिंडावे. त्यात काहीच कमीपणा नाही, आणि फुरसत असलेल्या निवृत्त मनुष्यास ते जमतेही.

आता नव्या इमारतींकडे वळतो. येथे दलाल आपल्याकडून काही घेत नाही. त्याला बांधकाम व्यावसायिक देतो. त्याला आता ‘चॅनल पार्टनर’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. लोक आनंदाने सांगतात, ‘आम्हांला दलाली पडलीच नाही.’ ती पडली आहे, ती जागेच्या किमतीत आहे. कोणत्या इमारतीत किती टक्के सुटतात हे दलालास ठाऊक, बांधणाऱ्यास ठाऊक, आपणास मात्र नाही. गुरांच्या बाजारातला तो रुमाल येथे अंथरलेलाच असतो, फक्त दिसत नाही. म्हणून त्याने एखाद्या इमारतीची फार भलावण केली, तर तिच्यात गुण अधिक आहेत की टक्के अधिक आहेत, असा प्रश्न मनात यावयास हवा. आपल्यापैकी कित्येकांची मुले अमेरिकेत घरे घेत आहेत, त्यांना विचारून पाहा. तेथेही विकणाऱ्याच्या दलालीतून घेणाऱ्याच्या दलालास हिस्सा मिळण्याची रीत होती. तिच्यावरून दावे झाले, दलालांच्या राष्ट्रीय संघटनेस २०२४ साली तडजोड करावी लागली, आणि त्या वर्षीच्या १७ ऑगस्टपासून घेणाऱ्यास घर दाखविण्यापूर्वी मोबदल्याचा लेखी करार करण्याचा नियम तेथे लागू झाला. दलाल कोणाचा, हा प्रश्न सगळीकडे सारखाच अवघड आहे.

आपल्याकडे नव्या इमारतींपुरता कायदा झाला आहे, आणि तो चांगला आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ चा असून तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण ‘महारेरा’ या नावाने ओळखले जाते. कलम ९ प्रमाणे दलालानेही तेथे नोंदणी केली पाहिजे. नोंदणी न केलेल्या प्रकल्पातील जागा तो विकून देऊ शकत नाही, आणि नियम मोडल्यास दिवसाला दहा हजार रुपयांप्रमाणे जागेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ साली महारेराने दलालांस प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याचीही अट घातली. दलालाचा नोंदणी क्रमांक ‘ए’ या अक्षराने आणि प्रकल्पाचा ‘पी’ या अक्षराने सुरू होतो. दोन्ही क्रमांक मागून घ्यावे आणि घरी येऊन महारेराच्या संकेतस्थळावर पडताळावे. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम व्यावसायिकास मागता येत नाही, हे कलम १३ पाठ करून ठेवावे.

परंतु क्रमांक पाहिला म्हणजे काम झाले असेही नाही. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण आपणांपैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. काहींचे तर आप्त त्यात आहेत. महानगरपालिकेच्या परवानगीचे बनावट कागद दाखवून त्या इमारतींनी महारेराची नोंदणी मिळविली होती. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथे राहावयास गेलेल्या कुटुंबांनी नोंदणी पाहिली होती, बँकांनी त्यांना कर्जेही दिली होती. पाहावयाचे राहिले ते एवढेच की, बांधकाम परवानगीचा जो क्रमांक कागदावर आहे तो महानगरपालिकेच्या नगररचना खात्याच्या दप्तरी आहे काय. हा एक हेलपाटा कोणताही दलाल आपल्यासाठी घालीत नाही. तो स्वतः घालावा, किंवा वकिलास पैसे देऊन घालावयास लावावा.

जुन्या जागेच्या बाबतीत तर याहून सावध राहिले पाहिजे. महारेराचा कायदा बांधकाम व्यावसायिक विकतो त्या नोंदणीकृत प्रकल्पांतील जागांपुरता आहे. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थास आपली राहती जागा विकली, तर मधल्या दलालाला त्या कायद्याने नोंदणीची सक्ती नाही, आणि त्याच्याविरुद्ध तेथे दादही मिळत नाही. आपल्या ज्ञातीतील बहुतेक व्यवहार याच प्रकारचे असतात. म्हणून येथे सारे ओझे घेणाऱ्यावर पडते. पहिल्या मालकाने बांधकाम व्यावसायिकाशी केलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत करारांची साखळी अखंड आहे काय, हे पाहावे. सूची क्रमांक दोनचा उतारा काढावा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो आता घरबसल्या पाहता येतो. मूळ कागद विक्रेत्याच्या हातात आहेत की बँकेत गहाण आहेत, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की अजून मूळ मालकाचीच आहे, हेही विचारावे. विक्रेत्यास जागा वारशाने आली असेल तर त्याच्या बहिणींची नावे विचारावी, अगदी संकोच न धरता. आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. १९९६ साली आम्ही ती दिली असती, तर त्या दोघी बहिणींचे पत्र विसार देण्यापूर्वी आले असते. काही दलाल जाहीर नोटिशीला विरोध करतात. ‘बोभाटा होईल, दुसरा गिऱ्हाईक येईल’ म्हणतात. असा विरोध झाला की मी माझ्याकडे आलेल्यास ती दोन वर्तमानपत्रांत द्यावयास सांगतो.

पैशाच्या बाबतीत थोडेसेच. विसार दलालाच्या हातात देऊ नये, मालकाच्या नावे धनादेशाने द्यावा, आणि ‘हक्क निर्वेध न आढळल्यास परत’ असे विसारपावतीत लिहून घ्यावे. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रकमेचा विसार रोखीने घेण्यास २०१५ पासून बंदी आहे. किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल तर एक टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, आणि विक्रेता परदेशस्थ असेल तर हिशेब अगदीच निराळा होतो. ही गोष्ट सांगावयाची दलाल बहुधा विसरतात, आणि नोटीस घेणाऱ्याच्या घरी येते.

आता ज्या गोष्टीमुळे चिटणीस गप्प झाले होते तिच्याकडे येतो. आपल्यात दोन खोड्या आहेत. एक अशी की, जागा पाहताना आपण दलालास ‘इमारतीत लोक कोण आहेत?’ असे विचारतो आणि आपल्यासारखे लोक आहेत म्हटले की निम्मी चौकशी संपली असे मानतो. हाच प्रश्न दुसरा दलाल आपल्याविषयी दुसऱ्या कोणास विचारतो आणि आपल्या मुलांना आडनावावरून, जेवणावरून जागा नाकारली जाते, तेव्हा मात्र आपणास फार लागते. दुसरी खोडी याहून जुनी आहे. ज्ञातीतील मनुष्याशी व्यवहार बिनसला की आपण तो झाकून ठेवतो. आमचा व्यवहार मोडल्यावर मी तीर्थरूपांना फिर्याद करण्याविषयी म्हणालो. ते म्हणाले, ‘ज्ञातीत बोलणे होईल, त्यांच्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे.’ त्यांच्या मनाचा मोठेपणा मी मानतो. परंतु आम्ही बोललो नाही म्हणून पुढील वर्षी त्याच दलालांनी दुसऱ्या एका कुटुंबास अशीच भागपत्र नामनिर्देशनाने झालेली जागा दाखविली. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या कुटुंबातील गृहिणी आज सभागृहात आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगत आहे.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक असणे कायद्यानेच आवश्यक आहे. तेव्हा पुढील वर्षापासून स्मरणिकेत क्रमांक नसलेली अशी जाहिरात घेऊ नये, आणि दलालीची जाहिरात देणाऱ्याने स्वतःचा नोंदणी क्रमांकही द्यावा. यामुळे काही पाने कमी होतील, खजिनदारांना चिंता वाटेल, हे मी जाणतो. तसेच, केवळ ओळख करून देऊन नंतर पाकीट स्वीकारणारी जी मंडळी आपल्यात आहेत त्यांनीही लक्षात घ्यावे की, कायद्यातील दलालाच्या व्याख्येत मोबदला घेऊन ओळख करून देणाराही येतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या कार्यालयात बसेन. त्याचे शुल्क नाही. ज्यांना जागा घ्यावयाची आहे त्यांनी करारांच्या प्रती, सूची क्रमांक दोनचा उतारा आणि सोसायटीचे भागपत्र घेऊन यावे, आणि विसार देण्याच्या आधी यावे. दलालास बरोबर आणले तरी चालेल. त्यांच्यासाठीही खुर्ची ठेवलेली असेल.